लोणारचं विवर उल्केचं कशावरून? पुरावा दडलाय दाबानं झालेल्या काचेत

लोणारचं सरोवर ज्वालामुखीमुळे झालं की उल्केमुळे, हा वाद आपल्याकडे पारावर अजून निघतो. खरं तर शास्त्रज्ञांनी तो 1973 सालीच मिटवला. फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख त्या वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तळ्याच्या बुडाखाली बोअर मारून काढलेल्या दगडांत त्यांना एक वेगळीच काच सापडली होती. तिचं नाव मॅस्केलिनाइट.

आता तुम्ही म्हणाल, काच तर ज्वालामुखीतही होते. बरोबर आहे. लाव्हा झटकन थंड झाला की काच बनते. म्हणून नुसती काच सापडून काही सिद्ध होत नाही. ती उष्णतेनं झाली की दाबानं, हे बघावं लागतं.

स्फटिक म्हणजे पाभरीनं पेरलेलं वावर. अणू ओळीत, ठरावीक अंतरावर. काच म्हणजे हातानं फोकलेलं. अणू तेच, पण ओळ नाही. आपल्या काळ्या पाषाणात फेल्डस्पारचे पांढरट बारीक स्फटिक असतात. त्यांच्यावर प्रचंड दाब आला की ते न वितळताच आतल्या ओळी मोडतात. बाहेरचा आकार मात्र जुन्या स्फटिकाचाच राहतो, हीच तिची ओळख. उष्णतेनं वितळलं असतं तर आकारही वाहून गेला असता. दोन पोलरॉइड काचा आडव्या-उभ्या लावून सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचा पातळ काप फिरवला, तर स्फटिक उजळतो. ही काच काळीच राहते.

दाब किती? ठिबकच्या फिल्टरजवळचा काटा आपण 1 किलोवर ठेवतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 1 किलो. इथं लागतात साधारण तीन लाख किलो! नखाएवढ्या जागेवर भरलेले दहा-बारा ट्रक रचल्यासारखं, तेही क्षणभरच. एवढा दाब ज्वालामुखीत होत नाही. तो उल्का आदळल्यावरच येतो.

आधीच काच असलेल्या वस्तूवर दाब दिला तर काय होतं, तेही प्रयोगशाळेत पाहिलंय. वाळूतल्या सिलिकाची शुद्ध काच घेतली, तर तिच्यात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि मधे बरीच पोकळी असते. हवेच्या दाबाच्या लाखभर पटीपुढे गेलं की ही जाळी दुमडायला लागते. आणखी वाढवलं की चाराचे सहा शेजारी होतात. दाब काढला की शेजारी परत चार होतात, पण दुमडलेली जाळी काही उलगडत नाही. काच साधारण 20 टक्क्यांपर्यंत जास्त घट्ट झालेली राहते. चिखल तुडवल्यावर वावर दबून राहतं ना, तसंच. ब्रिजमन यांनी 1953 मध्येच काचेचं असं कायमचं दबणं दाखवलं होतं.

मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही भारतात पडलेल्याच दगडात. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमधल्या शेरघाटीला एक उल्का पडली. तिच्यातल्या या काचेला 1872 मध्ये चेरमाक यांनी ब्रिटिश म्युझियमचे मॅस्केलिन यांचं नाव दिलं. तो दगड मंगळावरून आलाय, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

लोणारच्या काठावरचे दगड खिशात घालून नेणारे पर्यटक मात्र कमी नाहीत. दाब दगडातल्या खुणांवरूनच काढतात, पण तो विवरात नेमका कुठे होता हे कळायला दगड कुठल्या थरात, किती खोलीवर होता, हे माहीत असावं लागतं. घरच्या शोकेसमध्ये गेलेल्या दगडावरून ते कळायचा मार्ग नाही.