पाच दिली, पाच आली

कोल्हापूरच्या नेमबाजीचा विषय निघाला की आधी पदकं आठवतात. २०१० साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, २०१८च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य आणलं. माझं लक्ष मात्र सरावाच्या एका फोटोत अडकलं होतं. पिस्तुलातून उडालेली पितळेची इवलीशी पुंगळी त्यात हवेतच थांबलेली दिसत होती. ती बघूनच शहरातल्या एका रेंजवर गेलो.

तिथं काडतुसं सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. कुलूप, नोंदवही, सह्या हे सगळं ते भराभर उरकतात. वेळ लावतात तो त्यानंतर. ५० काडतुसांचं खोकं उघडून ती ट्यूबलाइटखाली एकेक करून फिरवतात आणि बुडाची कडा बघतात. मला वाटलं, शिशाचं टोक बघत असतील. ‘‘टोक बघायचंच की, पण आधी कड,’’ मामा म्हणाले.

हे पॉइंट टू-टूचं काडतूस. पुंगळी जेमतेम दीड सेंटिमीटर लांब, गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेच्या पत्र्यातून कारखान्यात चकती कापतात, दाबून तिची वाटी करतात आणि ती ओढत ओढत नळी बनवतात. ओढताना पितळ कडक होतं, म्हणून अधूनमधून तापवून मऊ करावं लागतं. शेवटी बुडाशी पोकळ कडा काढतात आणि पुंगळी गरगर फिरवून ओलं स्फोटक मिश्रण त्या कडेत पसरवतात. त्यावर दारू, त्यावर शिशाची गोळी. पिस्तुलाची पिन या कडेवर आपटते, मिश्रण पेटतं आणि बार होतो. पिन पडते तिथंच मिश्रण विरळ असेल, तर काडतूस फुसकं.

मोठ्या काडतुसाच्या बुडाला मध्यभागी वेगळी टोपी असते. ती बदलून, तोंड साफ करून, मापात आणून तीच पुंगळी पुन्हा भरता येते. इथं कडाच चेचली जाते, त्यामुळे ही पुंगळी दुसऱ्यांदा कामाला येत नाही. नेमबाजाला तिच्यावर पुढं काही दुरुस्ती करता येत नाही. जे नीट व्हायचं ते कारखान्यातच झालेलं असावं लागतं. त्याच्या हाती उरते ती निवड. एकाच कंपनीचे दोन लॉटही सारखे लागत नाहीत. म्हणून राइफलवाले नळी पकडीत घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडतात आणि भोकं सर्वांत जवळजवळ पडतील तो लॉट घेतात. ५० मीटरवरचा दहाचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा, तिथं हे करावंच लागतं.

मामांच्या टेबलाला मेणाचा आणि जळक्या दारूचा मिसळलेला वास येतो. रेंजवरून घरी आल्यावरही तो माझ्या नाकातून गेला नाही. शिशाच्या गोळीवर वंगणाचा पातळ थर असतो. काडतूस खाली पडलं की त्याला वाळूचे कण चिकटतात आणि नळी खरवडली जाते. पडलेलं काडतूस मामा वेगळ्या डबीत टाकतात, शर्टाला पुसून परत देत नाहीत. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. नेमबाजी शिकवण्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

२५ मीटर पिस्तुलात एकूण ६० गोळ्या, पाच-पाचाच्या बारा फैरी. दुसऱ्या टप्प्यात ३ सेकंद संधी, मग ७ सेकंद हात खाली. असं पाच वेळा. त्यामुळे मामांचा हिशेबही पाचाचाच. ‘‘पाच दिली, पाच आली पायजेत.’’ मी होतो तेवढ्या वेळात हे वाक्य कितीदा तरी कानावर पडलं.

एका पोरीच्या हातात चारच पुंगळ्या होत्या. ‘‘आलो की मामा, बघतोय,’’ म्हणत ती बाकाखाली वाकली.

‘‘खाली काय बघतीस? पाचवं उडालं का?’’

उडालं नव्हतं. घोडा दाबूनही बार न झाल्यावर तिनं शिकवल्याप्रमाणे पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून थोडा वेळ जाऊ दिला होता, मग काडतूस काढून बाजूला ठेवलं होतं, आणि गडबडीत विसरली होती. मामांनी ते उजेडात धरलं. कडेवर पिनेची खूण स्पष्ट होती. ‘‘पिस्तूल बरोबर हाय. दोष ह्याच्यात हाय,’’ म्हणत त्यांनी वहीत लिहिलं: ४ पुंगळ्या, १ फुसकं. पाचाला पाच जुळली.

पोरीला लगेच पुढची पाच हवी होती. त्याआधी तिनं डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडायला घेतला, तसे मामा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. गोळी शिशाची, कडेतल्या मिश्रणातही बहुधा शिसं, आणि बारानंतर ते बोटांवर बसतं. आधी नळावर जायचं, गार पाण्यानं आणि साबणानं हात धुवायचे, मग खायचं. पोरगी गेली. मामांनी स्वतःचेही हात धुतले आणि पुढच्या खोक्याचं सील फोडलं.