माहितीचीही गाडी बदलते तेव्हा

मुंबईहून कर्जतकडे जाणारी गाडी नेरळहून थेट माथेरानला चढू शकत नाही. मुख्य मार्गाच्या रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, तर १९०७ पासून असलेल्या माथेरानच्या मार्गाचे ६१० मिलिमीटर. प्रवासी तेच, पण गाडी बदलावी लागते.

डेटा सेंटरमध्ये माहितीचेही असेच होते. खालापूरला लागून असलेल्या पनवेल तालुक्यात २०२० मध्ये योट्टा कंपनीचे मोठे डेटा सेंटर सुरू झाले. अशा ठिकाणी अनेक ग्राहकांची माहिती त्याच तारांवरून धावते. ती मिसळू नये म्हणून तिच्या प्रत्येक पाकिटावर आणखी एक वेष्टन चढवून त्यावर ग्राहकाच्या जाळ्याचा क्रमांक घालता येतो. जुन्या व्हीलॅन पद्धतीत असे जेमतेम चार हजार क्रमांक मिळत. नव्या २४ बिटांच्या क्रमांकात सुमारे १ कोटी ६७ लाख जाळी मावतात.

पण वेष्टनाचे प्रकार अनेक. व्हीएक्सलॅनचा तपशील २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, एनव्हीजीआरईचा २०१५ मध्ये आणि जिनीव्हचा २०२० मध्ये. दोन प्रकार जोडायचे तर मध्ये गेटवे लागतो. तो जुने वेष्टन काढतो, क्रमांक जुळवतो आणि नवे चढवतो.

धोका इथेच असतो. क्रमांक चुकीचा जुळला, तर एखाद्या रुग्णालयाची माहिती भलत्याच ग्राहकाच्या जाळ्यात जाऊ शकते. शिवाय जिनीव्हमध्ये सुरक्षेच्या खुणांसारखा जादा मजकूर लिहायला जागा आहे. व्हीएक्सलॅनमध्ये तशी सोय नसल्याने तो गेटवेवरच गळू शकतो. म्हणून शक्य तिथे एकच प्रकार वापरावा. नाही तर गेटवेवर क्रमांकांसोबत सुरक्षेचे नियमही पलीकडे पोहोचतात का, हे तपासावे.