जुन्या रेकॉर्डरच्या जागी काय?

तुमच्या घरी दूरदर्शन संचाखालच्या कप्प्यात एखादी चपटी, रुंद पेटी आहे का? तिच्या तोंडाशी डीव्हीडी ठेवण्याचा खण असतो आणि पोटात एक हार्ड डिस्क असते. हा डीव्हीडी व हार्ड डिस्क रेकॉर्डर. २००५ ते २०१०च्या सुमारास मुंबईच्या उपनगरांतील काही हौशी घरांत तो आला. मालिका, क्रिकेटचे सामने आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेले मुंज-लग्नाचे समारंभ त्यात साठवले गेले.

समजा, एके दिवशी तो सुरूच होईना. घरात लगेच चर्चा सुरू होते, की नवा कोणता घ्यावा? परंतु त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा. आपल्याला नवे यंत्र हवे आहे, की जुन्या यंत्रात अडकलेली चित्रे हवी आहेत? यंत्र बाजारातून आणता येते. आजीच्या पंच्याहत्तरीचे रेकॉर्डिंग मात्र बाजारात मिळत नाही. म्हणून यंत्राची निवड करण्यापूर्वी ते चित्र कसे साठवते, हे समजून घेऊ या.

एका तासाला किती जागा?

आपल्याकडे दूरदर्शनसाठी जी पद्धत वापरली जात असे, तिच्यात दर सेकंदाला २५ चित्रे दाखवली जात. हे चित्र रेकॉर्डर अंकांत बदलतो, तेव्हा प्रत्येक चित्राचे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके होतात. म्हणजे एका चित्रात ४,१४,७२० ठिपके. प्रत्येक ठिपक्याची उजळता व रंग यांसाठी सरासरी २ बाइट धरले, तर एका चित्राला ८,२९,४४० बाइट लागतात. याला २५ने गुणा. एका सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट झाले. एका तासाचे होतात जवळजवळ ७५ अब्ज, म्हणजे ७५ गीगाबाइट.

साध्या डीव्हीडीवर ४.७ गीगाबाइट मावतात. या हिशेबाने तिच्यावर फक्त पावणेचार मिनिटांचे चित्र बसेल! पण प्रत्यक्षात तर तिच्यावर दोन तासांचे रेकॉर्डिंग होते. हे कसे?

बातम्या देणाऱ्या निवेदिकेचे चित्र आठवा. तिच्या मागची भिंत सेकंदामागून सेकंद तशीच असते. हलतात ते ओठ, पापण्या आणि थोडी मान. मग तीच भिंत दर सेकंदाला २५ वेळा लिहून कशाला ठेवायची? रेकॉर्डर मधूनमधून एक संपूर्ण चित्र लिहितो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे नोंदवतो. शिवाय एकाच चित्रातील शेजारचे ठिपके पुष्कळदा सारखे असतात. तेथेही तो काटकसर करतो. या पद्धतीला एमपेग-२ म्हणतात. तिच्यामुळे सेकंदाला ६,२५,००० बाइटमध्ये काम भागते. म्हणजे मूळच्या सुमारे तेहतिसाव्या हिश्शात! आता एका तासाला २.२५ गीगाबाइट लागतात आणि दोन तास डीव्हीडीवर आरामात बसतात.

क्रिकेटच्या सामन्यात मात्र कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि सारे चित्रच बदलते. म्हणून फार कमी जागेत सामना कोंबला, तर पडद्यावर चौकोनी ठोकळे दिसू लागतात.

दोन तबकड्या, दोन तत्त्वे

हार्ड डिस्कमधील तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ९० फेरे झाले. तिच्यावरून वाचन-लेखन करणारे शीर्ष अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जाते. आपला केस यापेक्षा हजारो पटींनी जाड असतो. हे शीर्ष एका जागेवरून दुसऱ्या जागी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पोहोचते. म्हणूनच एक कार्यक्रम नोंदवला जात असताना त्याच वेळी दुसरा पाहता येतो. १६० गीगाबाइटच्या डिस्कवर वरील हिशेबाने सुमारे ७१ तास मावतात.

डीव्हीडीचे काम प्रकाशावर चालते. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर किरण त्यावर ठिकठिकाणी खुणा पाडतो. या खुणा एका सर्पिल रेषेत असतात आणि दोन वळशांमध्ये ०.७४ मायक्रॉन एवढेच अंतर असते. ही रेषा उलगडून सरळ केली, तर ती सुमारे पावणेबारा किलोमीटर भरेल. रेल्वेने अंधेरीहून बोरिवलीला जाण्याचे अंतर साधारण एवढेच आहे! हे रंगद्रव्य ऊन आणि उष्णता यांनी हळूहळू बिघडते. म्हणून डीव्हीडी खिडकीत ठेवू नये.

यंत्र बंद पडले, म्हणजे काय झाले?

रेकॉर्डरचे तीन भाग बहुधा दगा देतात. पहिला, वीजपुरवठ्याचे मंडल. त्यातील विद्युत् धारित्रे उष्णतेने सुकतात आणि फुगतात. यंत्र बंद कपाटात असेल, तर हे लवकर घडते. दुसरा, डीव्हीडीचा लेसर. तो धुळीने व वापराने क्षीण होतो. तिसरा, स्वतः हार्ड डिस्क.

पहिल्या दोन्ही बिघाडांत हार्ड डिस्कवरील चित्रे सुखरूप असतात, हे ध्यानात घ्या. धारित्र बदलणे हे जाणकार तंत्रज्ञाचे थोडक्या खर्चाचे काम आहे. तेव्हा आधी दुरुस्तीची चौकशी आणि मग खरेदी, हा क्रम बरा. मात्र पेटीचे झाकण तुम्ही उघडू नका. वायर काढल्यानंतरही धारित्रांत विद्युत् भार शिल्लक राहू शकतो.

आणखी दोन धोके आहेत. एखाद्याला वाटते, की डिस्क काढून संगणकाला जोडली म्हणजे झाले. परंतु अनेक रेकॉर्डर माहितीची मांडणी आपापल्या खास पद्धतीने करतात. संगणकाला ती ओळखू येत नाही आणि तो विचारतो, ‘डिस्क फॉरमॅट करू का?’ तेथे होय म्हटले, तर डिस्क कोरी समजली जाते आणि चित्रे परत मिळवणे फार अवघड होऊन बसते.

दुसरा धोका डीव्हीडीचा. रेकॉर्डिंग झाल्यावर डीव्हीडी ‘फायनलाइज’ करावी लागते. पुस्तकाची सगळी पाने छापली, पण अनुक्रमणिका छापायची राहिली, तर कोणते प्रकरण कुठे आहे ते वाचकाला कसे कळणार? फायनलाइज करणे म्हणजे ही अनुक्रमणिका लिहिणे. ती नसलेली डीव्हीडी त्या रेकॉर्डरवर चालते, पण इतर यंत्रांवर सहसा चालत नाही. म्हणून यंत्र धडधाकट असतानाच हे काम उरकावे.

मुंबईत काय बदलले?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर अनेक वर्षे अँटेनाची किंवा केबलची वायर सरळ यंत्रात खोचली, की त्यातील ट्यूनर वाहिन्या शोधून काढी. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईसह चार महानगरांत केबलचे प्रक्षेपण अंकीय करण्याची अखेरची मुदत होती. तेव्हापासून केबलवरील संकेत सांकेतिक रूपात येऊ लागले आणि ते उलगडण्यासाठी सेट-टॉप बॉक्स लागू लागला. जुन्या रेकॉर्डरचा ट्यूनर केबलपुरता निरुपयोगी झाला. आता तो सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या खोबणींतून येणारे चित्र आणि आवाजच नोंदवू शकतो, तेही बॉक्सवर लागलेल्या एकाच वाहिनीचे.

मग निवड कशी करावी?

नवे डीव्हीडी-हार्ड डिस्क रेकॉर्डर आपल्याकडील दुकानांत आता सहसा मिळत नाहीत. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरचेही असेच झाले. ते बनवणाऱ्या जपानमधील शेवटच्या कारखानदाराने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवले. तेव्हा आपल्यापुढे तीन मार्ग उरतात.

पहिला, त्याच जातीचे वापरलेले यंत्र घेणे. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रस्ता इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी किंवा ओळखीत शोधता येईल. फायनलाइज न झालेल्या डीव्हीडी त्याच कंपनीच्या दुसऱ्या यंत्रावर काही वेळा वाचता येतात. पण या यंत्राचेही वय झालेले असते, हे विसरू नये. घेण्यापूर्वी डीव्हीडी लिहून, फायनलाइज करून, ती दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावी.

दुसरा, रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट-टॉप बॉक्स. रोजचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी तो सोयीचा आहे. परंतु त्यातील रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स बदलला, की ते हातचे जाते. शिवाय घरच्या जुन्या कॅसेट त्यात उतरवता येत नाहीत.

तिसरा, संगणकाला जोडण्याचे छोटे व्हिडिओ कॅप्चर उपकरण. जुना रेकॉर्डर किंवा कॅसेट यंत्र चालू करायचे, त्याच्या तीन रंगी खोबणींतून चित्र व आवाज या उपकरणात आणायचे आणि संगणकात साधी फाइल तयार करायची. डीव्हीडीचा लेसर बिघडलेल्या यंत्रातील डिस्कही अशी रिकामी करता येते. मात्र वीस तासांच्या रेकॉर्डिंगला वीस तास लागतात. येथे घाई चालत नाही.

तीनही मार्गांना एकच कसोटी लावा : हे यंत्र उद्या बंद पडले, तर त्यातील चित्र दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर दिसेल का? फक्त कार्यक्रम पाहून पुसायचे असतील, तर दुसरा मार्ग पुरे. घरच्या आठवणी जपायच्या असतील, तर तिसरा मार्ग या कसोटीला सर्वांत चांगला उतरतो.

दोन प्रती, दोन जागा

फाइल तयार झाली म्हणजे काम संपले नाही. २६ जुलै २००५चा पाऊस आठवतो का, असे घरातील मोठ्यांना विचारा. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटरच पडला! उपनगरांत तळमजल्यावरची असंख्य घरे पाण्याखाली गेली. पाण्याने कपाटातील वस्तू भिजवताना मूळ कॅसेट कोणती आणि प्रत कोणती, हा भेद केला नाही. दोन्ही एकाच कपाटात असतील, तर दोन प्रती असून नसल्यासारख्याच.

त्याच दिवसाचे हे दोन आकडे आपल्याला उपायही सांगतात. संकट सगळीकडे सारखे येत नाही. म्हणून एक प्रत अंधेरीच्या घरी ठेवली, तर दुसरी मुलुंडच्या मावशीकडे ठेवावी. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, दोन्ही चालवून पाहाव्यात.

करून पाहा

१. मोबाइलने एकदा कोऱ्या भिंतीचे आणि एकदा वडाच्या दाट पानांचे छायाचित्र घ्या. दोन्ही फाइलींचा आकार पाहा. कोणती मोठी आहे? का?

२. घरातील कॅसेट व डीव्हीडी यांची यादी करा. प्रत्येकीवर काय आहे, किती मिनिटांचे आहे, ते लिहा. ताशी २.२५ गीगाबाइट या दराने एकूण किती जागा लागेल? वीस तासांना ४५ गीगाबाइट लागतात, हे ताळ्यासाठी दिले आहे.

३. शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेट शोधा. पावसाळी दमट हवेत फितीवर बुरशी धरते. पांढरे डाग दिसले, तर ती कॅसेट यंत्रात घालू नका, कारण तीच बुरशी यंत्राला आणि तेथून इतर कॅसेटना लागते. अशा कॅसेट बाजूला काढून स्वच्छतेसाठी जाणकाराकडे द्या आणि बाकीच्या उतरवण्याचे काम आधी सुरू करा.