यादीत नाव नसतं तेव्हा

१४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर आला, त्याच कार्यक्रमात राज्य सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’ची सुरुवात झाली. महाराष्ट्रातून तेरा वर्षांखालचे ३० मुलगे आणि ३० मुली निवडायच्या आणि पुढची पाच वर्षं त्यांना शिष्यवृत्ती नि फुटबॉलचं प्रशिक्षण द्यायचं, अशी ही योजना. जिल्ह्याजिल्ह्यांत चाचण्या झाल्या आणि गाळत गाळत साठ नावं उरली. त्या साठ मुलांचं जितकं कौतुक करावं तितकं थोडं. पण चाचणी देऊन परतीच्या एसटीत बसलेल्या मुलांची संख्या साठाच्या कित्येक पट मोठी आहे. त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. आणि या साठांपैकीही काहींना पुढे कधीतरी ‘आता बास’ हे ऐकावं लागणार आहे.

ते ऐकल्यावर मुलाच्या मनाचं काय होतं? परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठसारख्या गावातून पाहिलं, की हा प्रश्न जास्त टोचतो.

सोनपेठ म्हणजे गंगाखेड, पाथरी आणि बीड जिल्ह्यातल्या परळीच्या शेजारचा तालुका. काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, थोडाफार ऊस. दिवाळीच्या आगेमागे या पट्ट्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला निघतात. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी तरुण पोरं दिसली, तर ती बहुधा पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. मोकळ्या जागेत क्रिकेट, शाळेत कबड्डी आणि खो-खो. फुटबॉल इथल्या मातीतला खेळ नव्हे. तो येतो टीव्हीवरून, मोबाइलवरून आणि एखाद्या हौशी क्रीडा शिक्षकामुळे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या तोंडावर, ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या नावानं राज्यभरातल्या शाळांमध्ये एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला. दहा लाख मुलांच्या पायाला चेंडू लागावा, असा तो संकल्प होता.

अशा गावातल्या एखाद्या मुलाची जिल्ह्याच्या संघात निवड झाली, की तो एका रात्रीत वेगळा होतो. मामा मोबाइलवर स्टेटस ठेवतो, सर वर्गात उभं करून टाळ्या वाजवायला लावतात, टपरीवर कुणीतरी विचारतं, “काय प्लेअर, टीव्हीवर कधी दिसणार?” मुलाला हे आवडतं, आणि का आवडू नये? पण हळूहळू त्याला सगळे याच एका नावानं ओळखू लागतात. गणितात कच्चा असला तरी चालतं, ‘तो प्लेअर आहे.’ लग्नाकार्याला आला नाही तरी चालतं, ‘त्याची प्रॅक्टिस असते.’ वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, जेव्हा आपण कोण हे चाचपडत शोधायचं असतं, तेव्हा या मुलाला उत्तर आयतं मिळालेलं असतं.

जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये नेमक्या या अवस्थेचं वर्णन केलं होतं. काही मुलं वेगवेगळ्या वाटा चाचपून न पाहताच एका ओळखीशी स्वतःला बांधून घेतात. वरून ती मुलं फार ठाम दिसतात. त्यांच्या मनात गोंधळ नसतो, ध्येय स्पष्ट असतं, आणि पालकांना त्याचा अभिमानही वाटतो. मात्र ती ओळख कुणी काढून घेतली, तर मागे दुसरी काही तयार नसते. पुढे १९९३ मध्ये ब्रिटन ब्रुअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूची ही ओळख किती घट्ट आहे, हे मोजणारी प्रश्नावली तयार केली. स्वतःला आधी खेळाडू समजता का, मित्र बहुतेक खेळातलेच आहेत का, दुखापतीनं खेळता आलं नाही तर किती खचाल, अशा धर्तीची विधानं त्यात आहेत. या संशोधकांचं निरीक्षण दुधारी होतं. ही ओळख घट्ट असली की सराव नेटानं होतो, कामगिरी सुधारते. आणि खेळ थांबला की तीच ओळख माणसाला खोल ढकलते.

याचा पुरावा इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांच्या अकादम्यांमध्ये मिळाला. डेव्हिड ब्लेकलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ ते १८ वर्षांच्या मुलांची मनःस्थिती, त्यांना ठेवायचं की सोडायचं या क्लबच्या निर्णयाच्या आधी, निर्णयानंतर सात दिवसांनी आणि पुन्हा एकवीस दिवसांनी तपासली. क्लबनं ज्यांना सोडून दिलं, त्यांच्यातली निम्म्याहून अधिक मुलं तीन आठवड्यांनंतरही उपचाराची गरज भासावी इतक्या मानसिक त्रासात होती. म्हणजे ‘चार दिवस रडेल आणि विसरेल’ हा घरोघरचा समज निदान या मुलांच्या बाबतीत खोटा ठरला.

ऑक्टोबर २०२० मध्ये मँचेस्टर सिटीच्या अकादमीत वाढलेला जेरेमी विस्टन हा अठरा वर्षांचा मुलगा गेला. गुडघ्याच्या दुखापतीनंतर क्लबनं त्याला पुढे ठेवलं नव्हतं. अशा मृत्यूला एकच एक कारण नसतं आणि ते शोधण्याचा आगाऊपणाही करू नये. पण त्याच्या घरच्यांनी विचारलेला प्रश्न इंग्लंडला टाळता आला नाही: क्लबचं दार बंद झाल्यावर या मुलांकडे कोण पाहतं? २०२२ मध्ये क्रिस्टल पॅलेस या क्लबनं आपल्या अकादमीतून बाहेर पडणाऱ्या १८ ते २३ वयाच्या खेळाडूंसाठी तीन वर्षांची आधार योजना जाहीर केली. बाहेर पडलेल्या मुलाला नियमित फोन करायचा, शिक्षण किंवा काम शोधायला मदत करायची, असं तिचं स्वरूप होतं. ती साधी आहे, आणि म्हणूनच आपल्याकडेही जमण्यासारखी आहे.

यशस्वी झालेल्यांचं तरी सगळं बरं असतं का? जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याने वर्षानुवर्षं आपलं नैराश्य लपवलं. लोकांना कळलं तर खेळही जाईल आणि दत्तक घेतलेली मुलगीही, ही त्याची भीती होती. १० नोव्हेंबर २००९ रोजी तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी टेरेसा पत्रकारांसमोर बसून त्याच्या आजाराबद्दल उघडपणे बोलली, आणि पुढे त्याच्या नावानं संस्था उभी राहिली. जर्मनीचाच विश्वविजेता पेर मेर्टेसाकर याने २०१८ मध्ये सांगितलं, की सामन्याआधी दडपणानं त्याला मळमळायचं, आणि २००६ च्या विश्वचषकातून संघ बाहेर पडला तेव्हा त्याला सुटका झाल्यासारखं वाटलं होतं. त्याच वर्षी तो आर्सेनलच्या अकादमीचा प्रमुख झाला.

आता आपल्याकडचं गणित मांडून पाहू. इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ च्या हंगामात १३ संघ होते. एका संघाचे जास्तीत जास्त चार परदेशी खेळाडू एका वेळी मैदानावर असू शकत होते, म्हणजे भारतीयांच्या खात्रीच्या जागा सात. सगळ्या संघांच्या मिळून ९१. राखीव खेळाडू धरले तरी आकडा काही शेकड्यांत राहतो, आणि हे सगळ्या देशासाठी. त्यात २०२५ च्या जुलैमध्ये ही लीगच अडकली. आयोजक कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आला होता, नवा होत नव्हता. बेंगळुरू एफसीनं ऑगस्टमध्ये पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवले. वर्ष सरलं तरी नव्या हंगामाचा एकही सामना झाला नव्हता. देशासाठी खेळलेल्या खेळाडूंनाही उद्या कुठे खेळायचं हे माहीत नव्हतं. सोनपेठच्या मुलानं ज्या जागेचं स्वप्न पाहायचं, ती जागाच अशी डळमळीत आहे. हे त्याला सांगणं म्हणजे त्याचा उत्साह मारणं नव्हे. त्याला ते माहीत असण्याचा हक्क आहे.

महाराष्ट्रात यातून तरून गेलेली मुलंही आहेत. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात २१ जणांच्या भारतीय संघात खेळला. दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडूनही भारत हरला, पण फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल जीक्सन सिंगनं तेव्हाच केला. त्याच संघात अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. अनिकेत पुढे ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठी जाऊन आला, जमशेदपूर आणि हैदराबादकडून सुपर लीग खेळला.

अनिकेतच्या गुणांचं आणि कष्टाचं मोल आहेच. पण कोल्हापूरला आणखी एक गोष्ट मिळालेली आहे, जी मराठवाड्याकडे नाही. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे पेठापेठांचे संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे, आणि स्थानिक सामन्याला हजारोंनी येणारे लोक आहेत. मोठ्या क्लबनं नाकारलेला मुलगा कोल्हापुरात परतला तर तो आपल्या पेठेचा खेळाडू असतोच. दिवसा नोकरी-धंदा, संध्याकाळी सराव, हंगामात गर्दीसमोर खेळ. खेळाडू म्हणून त्याची ओळख आकारानं लहान होते, नाहीशी होत नाही. सोनपेठला परतलेल्या मुलासाठी असा संघ नाही, अशी गॅलरी नाही. त्याच्याकडे ‘प्लेअर होता’ एवढाच भूतकाळ उरतो. टपरीवरचा तो कौतुकाचा प्रश्नही आता “काय झालं रे तुझ्या फुटबॉलचं?” असा होतो. रोज तो ऐकण्यापेक्षा मुलगा घरात बसणं पसंत करतो.

मुलींचं याहून कठीण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. या जिल्ह्यात पंधरा वर्षांच्या मुलीसाठी संघातलं नाव म्हणजे खेळापेक्षा मोठी गोष्ट असू शकते. सराव चालू आहे तोवर ‘अजून तिचं खेळणं आहे’ असं आई नातेवाइकांना सांगू शकते. नाव कटलं, की तो आधारही गेला. मुलगा संघाबाहेर पडला तर त्याला काय वाटतं हे विचारायला निदान मित्र असतात. मुलीच्या बाबतीत घरात लगेच दुसराच विषय निघण्याची भीती असते. म्हणून मुलींना निवडणाऱ्या कोणत्याही योजनेनं त्यांना सोडताना दुप्पट जपलं पाहिजे.

वेगळा विचार करणारं काम महाराष्ट्रातच झालेलं आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवणारे विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन ‘स्लम सॉकर’ सुरू केलं. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट (२०२२) त्यांच्यावरूनच आला. तिथे फुटबॉल हे मुलापर्यंत पोहोचण्याचं साधन आहे, व्यावसायिक खेळाडू घडवणं ही कसोटी नाही. तिथली मुलं ज्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे बेघरांच्या विश्वचषकात, खेळतात, त्याचा एक नियम फार शहाणपणाचा आहे: एका खेळाडूला आयुष्यात एकदाच तिथे खेळता येतं. मैदानावर पाऊल ठेवतानाच ठाऊक असतं, की यानंतर दुसरं काही करायचं आहे. त्या वाटेनं गेलेला अखिलेश पॉल पुढे स्वतः मुलांना शिकवू लागला.

घरात आणि शाळेत काय करता येईल? खेळाडू मुलाला खेळाशिवायचंही काही विचारावं. मैदानाबाहेरचा मित्र, सुतारकाम, शेतातलं काम, रेखाटन, जे काही त्याला आवडतं ते सरावाच्या नावाखाली बंद करू नये. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण यांचा उपयोग जरूर करावा, पण त्यांची आशा दाखवून पुस्तक बाजूला ठेवायला लावू नये. नाव कटल्याची बातमी यादी चिकटवून किंवा व्हॉट्सॲपवर टाकून न देता सरांनी समोर बसवून, कारणासह सांगावी. पुढचे तीन-चार आठवडे लक्ष ठेवावं. झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र टाळू लागला, उगाच चिडू लागला, दुखापत लपवून खेळू लागला, तर ‘मन घट्ट कर’ म्हणून सोडून देऊ नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. तिथे मराठीतून बोलता येतं, आणि फोन आई-वडिलांनी किंवा शिक्षकांनी केला तरी चालतो.

‘प्रोजेक्ट महादेवा’ची पाच वर्षं २०३० च्या अखेरीस पूर्ण होतील. निवडीच्या वेळी बारा-तेरा वर्षांची असलेली ती मुलं तेव्हा सतरा-अठराची असतील, म्हणजे बहुतेकांचं ते बारावीचं वर्ष असेल किंवा नुकतंच संपलेलं असेल. शिष्यवृत्ती थांबण्याची आणि पुढचं शिक्षण ठरण्याची वेळ एकच. त्या वर्षी कोणत्या मुलाला कुठे प्रवेश मिळेल, त्याच्याशी कोण बोलेल, वाटेत दुखापतीनं बाहेर पडलेल्याचं शिक्षण कोण पुरं करेल, हे योजनेच्या कागदावर आत्ताच लिहून घ्यायला हवं. आणि जिल्ह्याच्या चाचणीतून परतलेल्या मुलांसाठी, सोनपेठ-गंगाखेडसारख्या तालुक्यांत, वर्षातून तीन महिने चालणारी एखादी छोटी लीग तरी हवी. त्यासाठी एक मैदान, दोन गोलपोस्ट आणि मानधन मिळणारा एक प्रशिक्षक पुरे आहे.