पद्मिनीचा चोविसावा हिस्सा

पळस्पे फाट्याहून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा रस्ता करंजाडे वसाहतीजवळून जातो आणि त्यावर रात्रंदिवस कंटेनरची रांग असते. या वाटेने जगभरचा माल येतो, त्यात खेळणीही आली. सीमाशुल्काच्या यादीत मात्र लहान पोराची चावीची गाडी आणि चाळिशीतल्या गृहस्थाने महिनाभर खपून जोडायचं जपानी मॉडेल किट एकाच शीर्षाखाली बसतात. या शीर्षावरचं मूळ आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पाने ते ७० वर नेलं. देशी खेळणीउद्योगाला आधार द्यायचा होता, पण चटका छंदवाल्यांनाही बसला. तामिया किंवा रेवेल कंपनीचं मोटारीचं किट इथल्या दुकानात पोचेपर्यंत हजारांच्या घरात जातं. रंग, गोंद, हत्यारं यांचा खर्च वेगळाच.

तरीही वन-बीएचकेतल्या एका टेबलावर, मोजक्या पैशांत हा छंद चालतो. शिवाय गंमत अशी, की काळी-पिवळी टॅक्सी, लाल एसटी, तीनचाकी रिक्षा या आपल्या डोळ्यांसमोर आयुष्यभर धावलेल्या गाड्यांना परदेशी किटांच्या यादीत जवळपास जागाच नाही. खिसा गरम असला तरी त्या हातानेच घडवाव्या लागतात. त्यामुळे स्वस्तातला मार्ग ही इथे तडजोड राहत नाही; आपल्या गाड्यांपुरता तोच राजमार्ग आहे.

सुरुवात मापापासून होते. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी प्रतिकृती. हा आकडा फूट-इंचांच्या जमान्यातला आहे: फुटाला अर्धा इंच. १:४३ हे माप खेळण्यातल्या रेल्वेच्या ‘ओ’ गेजवरून आलं. तिथे फुटाला सात मिलिमीटर धरत. १९६८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या हॉट व्हील्सच्या गाड्या साधारण १:६४ च्या, म्हणजे मुठीत मावणाऱ्या. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथलं माप १:८७. तिथल्या छोट्या गावातल्या रस्त्यावर हॉट व्हील्सची गाडी ठेवली तर ती आगगाडीशेजारी राक्षसासारखी दिसेल. मांडणी करायची असेल तर आधी माप ठरवावं आणि मग त्याला चिकटून राहावं, हा या छंदातला पहिला धडा.

आता पद्मिनी घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७४ मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीचं वय वीस वर्षांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली. गाडी गेली तरी मापं शिल्लक आहेत: लांबी ३,९३० मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर २,३४०. चोविसने भागलं की लांबी भरते १६४ मिलिमीटर आणि चाकांमधलं अंतर साडेसत्त्याण्णव. कागदावर बाजूचं चित्र काढताना हे दुसरं माप नेमकं बसलं, की बाकीची गाडी आपोआप ताळ्यावर येते. संदर्भासाठी फोटो काढायचा तर दुरून, झूम करून काढावा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक फुगतं, मागचं आक्रसतं आणि त्यावरून काढलेलं चित्र वाकडं येतं.

किटात वापरतात ते पांढरं स्टायरीन प्लॅस्टिक महाग पडतं. त्याऐवजी आर्किटेक्चरची पोरं वापरतात तो सनबोर्ड आणि जाड कार्डशीट घेतली तरी चालतं. मुदत संपलेली बँकेची कार्डंही फेकू नयेत. जगभर या कार्डांची जाडी एकच असते, ०.७६ मिलिमीटर, त्यामुळे दारं, बंपर, जमिनीचा पत्रा कापायला त्याहून एकसारखा माल नाही. सनबोर्डच्या दोन बाजू कापायच्या, मध्ये आडवे खण लावून सांगाडा उभा करायचा आणि वरून कार्डशीट मढवायची. पद्मिनीच्या बॉनेटची गोलाई कागदाला जमत नाही. तिथे एम-सीलचा थर द्यायचा आणि सुकल्यावर पॉलिश पेपरने पाण्यात घासत न्यायचा: आधी ४०० नंबर, मग ६००, शेवटी १,०००. ओलं घासल्याने धूळ उडत नाही, फुप्फुसंही वाचतात.

खऱ्या गाडीची रिम १४ इंची, म्हणजे प्रतिकृतीत १५ मिलिमीटरला जरा कमी. कोटाच्या बाहीला लावतात त्या बटणाचा व्यास जवळजवळ एवढाच असतो. त्यावर नळाच्या सामानाच्या दुकानातली जाड ओ-रिंग चढवली की टायर तयार. रिकाम्या रिफिलच्या नळीत बसणारी तार हा आस. टपावरचं कॅरिअर तांब्याच्या तारेचं, हेडलाइटच्या आणि बंपरच्या चकाकीसाठी स्वयंपाकघरातली फॉइल. वार्निशचा पातळ हात देऊन फॉइल बसवायची आणि कान साफ करायच्या काडीने हलकेच घोटायची; सुरकुती राहत नाही. डाव्या अंगाला, बॉनेटशेजारी बाहेर लावलेला मीटर विसरून चालणार नाही. मुंबईकर सगळ्यात आधी तोच शोधतो.

काचा बसवताना बहुतेक नवखे फसतात. औषधाच्या किंवा टूथब्रशच्या पाकिटाचं पारदर्शक प्लॅस्टिक कापून ते फेविक्विकने चिकटवतात आणि सकाळी पाहतात तर काचेवर पांढरं धुकं. फेविक्विकची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसून घट्ट होते, तिचाच तो डाग. काचेसाठी साधा फेव्हिकॉल उत्तम. तो ओला असताना पांढरा दिसतो, सुकला की दिसेनासा होतो, आणि चुकलं तर ओल्या फडक्याने पुसता येतो.

शून्यापासून बांधायची छाती नसेल तर आयतं खेळणं घेऊन सुधारावं. सेंटी टॉइज या भारतीय कंपनीच्या अॅम्बेसेडर, रिक्षा अशा मागे ओढून सोडायच्या प्लॅस्टिकच्या गाड्या काही शे रुपयांत मिळतात. अॅम्बेसेडरच्या चाकांमधलं खरं अंतर २,४६४ मिलिमीटर. खेळण्यात ते ७७ भरलं तर माप १:३२ आलं. स्प्रिंगची मोटर काढून टाकायची, चाकांवरच्या कमानी आतून तासून पातळ करायच्या, दारांच्या रेषा कंपासच्या टोकाने खोल करायच्या, नव्या काचा आणि नंबरप्लेट लावायची. एवढ्यावर खेळण्याचं मॉडेल होतं.

याहून स्वस्त म्हणजे कागद. कॅनन कंपनीच्या ‘क्रिएटिव्ह पार्क’सारख्या ठिकाणी कागदी मॉडेलांचे आराखडे फुकट मिळतात, जाड कागदावर छापून आणले की कात्री आणि फेव्हिकॉल पुरतो. छापताना माप बदलणंही सोपं: १:२४ चा आराखडा ७५ टक्क्यांवर छापला की १:३२ चा होतो.

एसटीची गोष्ट आणखी निराळी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि तिच्या चाहत्यांनी सनबोर्डच्या लालपऱ्या बनवणं हा गावोगावचा उद्योग करून टाकला आहे. बसचं अंग चौकोनी, त्यामुळे नवशिक्याच्या हाताला ती मोटारीपेक्षा लवकर येते. करंजाड्याहून पनवेलचं एसटी स्थानक जवळच. परवानगी विचारून खिडक्यांची, पायऱ्यांची, टपावरच्या शिडीची मापं टेपने घेता येतात. जुन्या बस आणि ट्राम पाहायच्या तर हार्बर लोकलने वडाळ्याकडे जाऊन आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय गाठावं. तिथे त्यांच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत.

खर्चाचा हिशेब फार मोठा नाही. कटर, स्टीलची पट्टी, चिमटा, कानशींचा छोटा संच, पॉलिश पेपर, मास्किंग टेप आणि दोन प्रकारचे गोंद पाच-सातशे रुपयांत येतात आणि हत्यारं वर्षानुवर्षं टिकतात. एअरब्रश आणि कॉम्प्रेसरवर पहिल्याच झटक्यात हजारो घालायची गरज नाही. बाहेरच्या अंगाला गाड्यांच्या टचअपचा स्प्रे कॅन, आतल्या सीटांना कॅम्लिनचे अॅक्रिलिक रंग. १९३१ मध्ये दांडेकरांनी सुरू केलेल्या या कंपनीचे रंग शाळेपासूनच घरात असतात. गाड्यांच्या स्प्रेमधलं थिनर मात्र प्लॅस्टिक खातं. म्हणून आधी प्रायमर, मग रंगाचे विरळ हात, आणि दोन हातांमध्ये सुकायला वेळ. काळी-पिवळी रंगवताना आधी पिवळा मारायचा, टप टेपने झाकायचा आणि मग खाली काळा. उलटं केलं तर पिवळ्यातून काळा डोकावत राहतो.

फवारणी गॅलरीत, एका बाजूने उघड्या खोक्यात, नाकाला मास्क लावून करावी. शेजाऱ्यांच्या दोऱ्यांवर कपडे नसतील अशी वेळ धरावी, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर नाव येतं. खाडीकाठच्या हवेचीही एक अडचण आहे. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि काळा रंग राखाडी, दुधाळ दिसू लागतो. त्यामुळे कामाचं वेळापत्रक ऋतूवर बेतावं: मापं, कापाकापी, सांगाडा आणि घासकाम जून ते सप्टेंबर, प्रायमर आणि रंग दिवाळीनंतर, कोरड्या दुपारी.