शेतकरी पणजोबांचा माग कागदांतून काढताना

सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या अनेकांचं मूळ गाव तासगाव, खानापूर, वाळवा किंवा जतकडचं. पणजोबा शेती करायचे, एवढंच घरात ठाऊक असतं. पण त्यांचं आयुष्य कागदांत सापडू शकतं, मंडळी!

🌾 फेरफार (गाव नमुना ६): सुरुवात इथून करा. वारसनोंदीत सहसा मृत्यूची तारीख आणि वारसांची नावं मिळतात. खरेदी, गहाण, वाटणीही दिसते.

🌾 सातबारा: ‘सात’मध्ये हक्क, ‘बारा’मध्ये पिकं. कोणत्या वर्षी काय पेरलं, विहीर होती का, हे जुन्या उताऱ्यांवरून कळतं.

🌾 कूळकायदा: १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळांना मालक मानण्याचा दिवस. पणजोबा कूळ असतील, तर कलम ‘३२ ग’चे कागद नक्की शोधा.

🌾 कोतवाल बुक (गाव नमुना १४): जन्ममृत्यूच्या नोंदी. अनेक जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, म्हणून मोडीवाचक सोबत घ्या.

🌾 हेळवी: पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भागातल्या घराण्यांची वंशावळ जपणारा समाज. गावात आले की आवर्जून भेटा.

📌 महत्त्वाचं: सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती, तासगाव, वाळवा हे तालुके इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे जुन्या कागदावर ‘जिल्हा सातारा’ दिसलं, तर तो कागद दुसऱ्या गावचा समजून बाजूला टाकू नका.

घरातली ट्रंक आजच उघडा. गट नंबर, जुना सर्व्हे नंबर लिहून घ्या आणि घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांची आठवण हाच पहिला दस्तऐवज.