प्रयोगशाळेची दारे उघडा

जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसूनही शेतशिवार डोळसपणे पाहणाऱ्या स्त्रीचे हे नाव नुसते कमानीवर शोभून भागणार नाही. रावेर-यावलच्या केळीबागांखालील भूजल खोल चालले आहे. धुळे जिल्ह्यात शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल व रुंद करवून विहिरींना पाणी आणले. शास्त्र गावात गेले की काय घडते, हे तेथे दिसले. खानदेशातील शाळकरी मुलांनी गावच्या विहिरींची पातळी दरमहा मोजावी, विद्यापीठाने पाण्याचे नमुने तपासावेत व निष्कर्ष ग्रामसभेत मांडावेत, असे आम्ही सुचवितो. यास दोरी, मोजपट्टी व वही पुरे. प्राध्यापकांस वेळ नाही, ही सबब आम्हांस मान्य नाही.